पणजी पोस्टातल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

चौथीच्या मुलांना पोस्टाचं कामकाज दाखवावं, एवढ्याच बेताने आम्ही सत्तरीहून पणजीला आलो होतो. तुम्ही जेवणाची सुट्टी बाजूला ठेवून पोरांना अख्खी इमारत दाखवलीत. त्याबद्दल मनापासून आभार.

‘ही इमारत पोस्टासाठी बांधलेलीच नाही,’ असं तुम्ही म्हणालात आणि मुलांनी कान टवकारले. पोर्तुगीज काळात तंबाखूचा मक्ता सरकारकडे होता, ब्राझीलचा तंबाखू गलबतांतून गोव्यात यायचा आणि त्याचा व्यापार या जागेत चालायचा. शेजारीच टांकसाळ होती. आमच्या पुस्तकात यातलं काही नाही.

मला सगळ्यात भावलं ते तुमचं भिंतीविषयीचं बोलणं. गिलावा उडालेल्या एका जागी तुम्ही मुलांना हात लावायला सांगितलात. आतला चिरा, म्हणजे जांभा दगड, खडबडीत, भोकाभोकांचा, बोटाला लाल माती लागली. चिरा पावसात पाणी पितो, वर चुना असला तर ती ओल बाहेर पडते, सिमेंट थापलं की आतच कोंडते आणि भिंत पोखरते, हे तुम्ही इतकं सोपं करून सांगितलंत! आता एक मुलगा आजोबांच्या घराची ओल धरलेली भिंत तपासत फिरतोय.

बाहेरच्या चौकाची गोष्टही तुम्ही टाळली नाहीत. पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या 1787 च्या पिंतोंच्या उठावातल्या 15 जणांना इथं देहदंड दिला, हे लहान मुलांना सांगावं की नाही, मी कचरत होते. तुम्ही शांतपणे सांगितलंत, मुलांनीही तसंच ऐकून घेतलं. ते सांगायलाच हवं होतं, असं मला आता ठाम वाटतं.

तिकिटांचं तर काय सांगू! पोर्तुगीज हिंदुस्थानची पहिली तिकिटं 1871 ची, आणि 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाल्यावर दहाच दिवसांनी, 29 तारखेला, इथं भारतीय तिकिटं सुरू झाली, हे मुलांना तोंडपाठ झालंय.

मुलांनी तुमच्यासमोर पेटीत टाकलेली कार्डं सगळ्यांच्या घरी पोचली. शिक्का ठळक उमटलाय.

पुढल्या वर्षीची चौथीही आणायची आहे. तुम्हाला सोयीचा दिवस कळवाल का?

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका, सत्तरी