सूचना: बाळंतपणानंतरच्या कचऱ्याची जबाबदारी

सर्व स्वतंत्र सुईण सदस्यांना,

बाळंतपण घरी झालं तरी त्यातला वैद्यकीय कचरा आपला. तो घरच्यांच्या केराच्या डब्यात जाता कामा नये. रुग्णालयात हे 'कुणीतरी' बघतं. इथे ते कुणीतरी म्हणजे आपणच.

सुईला टोपण परत लावू नका, बोट टोचतं ते नेमकं तेव्हाच. सुई सिरिंजसकट तिथल्या तिथे टणक डब्यात टाका. ऑक्सिटोसिनची (बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्याच्या इंजेक्शनची) फोडलेली काचेची कुपीही त्यातच. ती हमखास ट्रेमध्ये राहून जाते. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा, दाबून जागा करायची नाही.

वार (प्लॅसेंटा) घरच्यांना हवी असेल तर तशी नोंद करून द्या, नाहीतर न गळणाऱ्या वेगळ्या पिशवीत. रक्ताळलेले पॅड, हातमोजे संसर्गजन्य कचऱ्यात. वेष्टनं मात्र साध्या कचऱ्यात: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आरोग्यसेवेतला सुमारे ८५ टक्के कचरा साधाच असतो. सगळंच धोक्याच्या पिशवीत कोंबलं की बिल वाढतं, बाकी काही नाही.

पिशव्यांचे रंग ठिकाणानुसार बदलतात, आपल्या भागातला नियम पाहा. कचरा नेणाऱ्यांशी लेखी करार हवा आणि प्रत्येक खेपेची पावती जपा. करार संपत आला असेल तर याच आठवड्यात नूतनीकरण करून घ्या.

– सचिव