जनरेटरचे वजन डिझेलच्या कॅनसकट मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लष्करासाठी 'हलका' जनरेटर म्हटले की चर्चा यंत्राच्या कोरड्या, म्हणजे इंधनाशिवायच्या, वजनावर अडते. लडाखमधल्या ठाण्यावर खेचराच्या पाठीवरून चढते ते मात्र यंत्र आणि डिझेल दोन्ही. 1 किलोवॅटचा भार अखंड चालवायचा तर दिवसाला 24 युनिट लागतात. छोटे डिझेल इंजिन चांगल्या भारावरही युनिटमागे साधारण 350 ते 400 ग्रॅम डिझेल घेते, म्हणजे रोज नऊ किलो. साठ किलोचा संच असेल तर आठवड्यात त्याच्याइतकेच डिझेल वर गेलेले असते.

बाजारात 2 केव्हीएचा पेट्रोल इन्व्हर्टर जनरेटर 21 किलोत मिळतो, मग लष्कराचा डिझेल जनरेटर एवढा जड का, असे विचारले जाते. पेट्रोल इंजिनात हवा आठ-नऊ पट दाबली जाते, डिझेलमध्ये अठरा-वीस पट. त्या दाबासाठी क्रँककेस (इंजिनचे कवच) आणि क्रँकशाफ्ट (फिरता दांडा) जाड लागतात. त्यात फारशी काटछाट करू नये. वजन उतरते ते अल्टरनेटरमध्ये, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागात. नेहमीचा दोन पोलचा अल्टरनेटर 50 हर्ट्झसाठी मिनिटाला 3000 फेऱ्यांना बांधलेला असतो. त्याऐवजी फ्लायव्हीललाच (इंजिनच्या जड चाकाला) कायम चुंबकांचे कडे बसवून, वीज आधी डीसी आणि मग इन्व्हर्टरने एसी केली, की तांबे-लोखंड वाचते आणि भार कमी असताना इंजिनही हळू फिरवता येते.

खरी गोम उंचीची आहे. पुणे साडेपाचशे मीटरवर. इथल्या टेस्टबेडवर 2 किलोवॅट देणारे, टर्बो (हवा दाबून भरणारा पंप) नसलेले इंजिन 5000 मीटरवर जेमतेम निम्म्याहून थोडी अधिक शक्ती देते, कारण हवेचा दाबच जवळपास निम्मा असतो. विरळ हवा उष्णताही कमी वाहून नेते, त्यामुळे बाहेर उणे वीस असताना पूर्ण भारावर एअरकूल्ड सिलिंडर जास्त तापू शकतो! थंडीत नेहमीच्या डिझेलमधले मेण खोबरेल थिजावे तसे फिल्टरमध्ये बसते. 2019 मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल आणले, ही मोठीच सोय झाली. पण अर्धवट टाकीत रात्री दव धरते आणि ते पाणी नळीत गोठते; टाकी संध्याकाळीच काठोकाठ भरायला हवी. डिझेल पातळ करायला रॉकेल ओतले तर वंगण कमी होऊन फ्युएल पंप झिजतो.

सर्वांत जास्त नासाडी मात्र कमी भाराने होते. रेडिओ आणि चार्जरचा 200 वॅट भार 2 किलोवॅटच्या संचावर दिवसरात्र चालवला, की सिलिंडर नीट तापत नाही, न जळलेले डिझेल सायलेन्सरमधून काळे, तेलकट ठिबकू लागते, सिलिंडरची भिंत काचेसारखी गुळगुळीत होते आणि इंजिन ऑइल पिऊ लागते. शिवाय रोज आठ-नऊ लिटर जातात ते वेगळेच. तेच इंजिन सकाळी आणि संध्याकाळी दोन-दोन तास पाऊण भारावर चालवून बॅटरी भरली, तर अडीच-तीन लिटरमध्ये भागते. त्यासाठी 2.5 युनिटची, सुमारे 25 किलोची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी लागते. रोज पाच किलो डिझेल वाचले तर तिचे वजन पाच दिवसांत फिटते. ही बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर कायमची खराब होते, म्हणून इंजिनची गरम हवा आधी तिच्या पेटीतून फिरवावी.

संरक्षण खात्याच्या निविदेत म्हणूनच '72 तासांच्या इंधनासह वजन, 5000 मीटरवरची शक्ती आणि 10 टक्के भारावरचा डिझेलचा खप' हे तीन आकडे सक्तीचे असावेत, असे आम्हाला कळकळीने वाटते. पुण्यात इंजिन कारखाने आहेत, दिघीला डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची अभियांत्रिकी प्रयोगशाळा आहे. यंत्र इथे बनावे, पण अंतिम चाचणी लडाखच्या हिवाळ्यात व्हावी. इंधनाचे झाकण, फिल्टर आणि सुरू करण्याची दोरी जाड हातमोज्यांनिशी हाताळता येते का, हेही तिथेच पाहावे.

आपले,
लघु इंजिन क्षेत्रातील काही अभियंते, पुणे