पेपर 'उघडत नाही' म्हणून प्रकल्प अडू नये

मा. संपादक,

स. न. वि. वि.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प आला आणि विदर्भातल्या तालुक्याच्या महाविद्यालयांतही रसायनशास्त्राची मुले विषय शोधू लागली. विषय आपल्याच मातीतले असतात. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बोअरच्या पाण्यातले फ्लोराइड, पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, वायगावची हळद, कपाशीवरच्या फवारणीचे अवशेष. गाडी अडते ती प्रयोगाच्या आधीच, इंटरनेटवरचे संशोधन-लेख म्हणजे 'पेपर' वाचताना. 'सर, पेपर उघडत नाही, डॉलर मागतो' असे म्हणून मूल गप्प बसते आणि मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी प्रकल्पातून संदर्भांची यादी उतरवून घेते. हे थांबवता येते, म्हणून हे पत्र.

केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी संशोधन नियतकालिकांची देशभरासाठी एकच वर्गणी भरणारी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके असा तिचा आवाका आहे. अमेरिकन केमिकल सोसायटी, एल्सेव्हिअर, वायली, स्प्रिंगर नेचर असे रसायनशास्त्राला लागणारे मोठे प्रकाशक तिच्यात आहेत. पण ही योजना शासकीय व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. आपल्याकडे गावोगावची महाविद्यालये बहुतेक खासगी शिक्षण संस्थांची, अनुदानित. विद्यापीठाशी संलग्न आहोत म्हणजे विद्यापीठाच्या वर्गणीत आपणही आलोच, हा समज चुकीचा आहे. म्हणून आपले महाविद्यालय नक्की कशात नोंदलेले आहे, हा पहिला प्रश्न ग्रंथपालांना विचारावा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राची महाविद्यालयांसाठी 'एन-लिस्ट' ही ई-नियतकालिके आणि ई-पुस्तके वाचण्याची वेगळी सोय आहे. तिच्यात सभासद महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यालाही स्वतःचे खाते मिळते. मात्र ग्रंथपालांनी नावांची यादी चढवल्याशिवाय ते तयार होत नाही. खाती फक्त प्राध्यापकांचीच काढलेली असतील, तर भरलेली वर्गणी निम्मी वाया जाते.

खाते असूनही पेपर उघडत नाही, याचे कारण बहुतेक वेळा रस्ता चुकलेला असतो. लेख शोधायच्या 'गुगल स्कॉलर'वरून थेट प्रकाशकाच्या पानावर गेले की त्या संकेतस्थळाला आपण कुठले, हे कळत नाही. ते तीस-चाळीस डॉलरची पाटी दाखवते. त्या पानावर 'संस्थेमार्फत लॉगिन' हा पर्याय शोधावा, संघटनांच्या (फेडरेशन) यादीत इन्फ्लिबनेटचे 'इन्फेड' हे संस्थांचे सामाईक लॉगिन निवडावे, मग संस्थेचे नाव. किंवा सुरुवातच ग्रंथालयाच्या पानावरून करावी. मोबाइलवर मध्येच नेटवर्क गेले की लॉगिन सुटते आणि पाटी पुन्हा येते. तेव्हा नाउमेद न होता परत आत शिरावे.

रसायनशास्त्रात खरी मेख आहे ती पदार्थाच्या नावात. एकाच संयुगाला पाच-पाच नावे असतात. हळदीतले कर्क्युमिन जुन्या लेखांत डायफेरुलॉइलमिथेन म्हणून भेटते. त्यामुळे नावाऐवजी कॅस क्रमांकाने, म्हणजे प्रत्येक संयुगाला दिलेल्या ठरावीक नोंदणी क्रमांकाने शोधावे. प्रयोगशाळेतल्या बाटलीच्या लेबलवर तो छापलेला असतो. कर्क्युमिनचा क्रमांक ४५८-३७-७. यातला शेवटचा आकडा पडताळणीचा. बाकीचे आकडे उजवीकडून घेऊन १, २, ३ असे गुणत जायचे : ७×१, ३×२, ८×३, ५×४, ४×५. बेरीज ७७, तिचा शेवटचा आकडा ७, म्हणजे क्रमांक बरोबर उतरवला आहे. प्रकल्पाच्या वहीतला प्रत्येक क्रमांक असा तपासावा, अर्धे मिनिट लागते. रसायनांची माहिती शोधायचे सायफाइंडर महागडे आहे, पण पबकेम आणि कॅसचे 'कॉमन केमिस्ट्री' ही संकेतस्थळे फुकट आहेत. तिथे क्रमांक टाकला की सगळी पर्यायी नावे हाती येतात.

शब्दांचेही तसेच. फ्लोराइड काढण्यावरचे काही लेख 'फ्लोराइड रिमूव्हल' म्हणतात, काही 'डीफ्लोरिडेशन'. दोन्हींनी शोधले नाही तर बरेच काही निसटते. अमेरिकन लेखक ॲल्युमिनियममधला शेवटचा 'आय' गाळतात आणि सल्फर 'एफ'ने लिहितात. आपली मुले सल्फर 'पी' आणि 'एच' ही अक्षरे वापरून शोधतात आणि काही सापडले नाही म्हणतात. ॲडसॉर्प्शन (पृष्ठभागावर चिकटणे) आणि ॲबसॉर्प्शन (आत शोषले जाणे) यांत इंग्रजीत एकाच अक्षराचा फरक, पण विषयच बदलतो. एक चांगला लेख हाती लागला की त्याखालची 'साइटेड बाय' (याचा संदर्भ घेणारे पुढचे लेख) ही कडी दाबावी. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत विकसित केली. तिच्यावरच्या एखाद्या जुन्या लेखापासून निघाले, तर पुढच्या अनेक वर्षांचे काम साखळीसारखे समोर येते.

लेख सापडला की त्याचा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, आधी वहीत उतरवावा. १०.१०२१ ने सुरू होणारा अमेरिकन केमिकल सोसायटीचा, १०.१०३९ चा रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीचा, १०.१०१६ चा एल्सेव्हिअरचा. पान क्रमांकावर विसंबू नये. 'अँगेवांड्टे केमी' या नियतकालिकाच्या जुन्या अंकांत जर्मन आणि आंतरराष्ट्रीय आवृत्त्यांतली पाने वेगवेगळी असतात, आणि एकाने चुकीचा उतरवलेला संदर्भ पुढे दहा प्रबंधांत तसाच जातो.

एवढे करूनही कुलूप निघाले नाही, तर ब्राउझरमध्ये 'अनपेवॉल' बसवावे. लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर ते दाखवते. गुगल स्कॉलरवर लेखाखालच्या सगळ्या आवृत्त्या उघडून पाहाव्यात. आणि बहुतेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट : अमेरिकन केमिकल सोसायटीचा लेख बंद असला तरी त्याची 'सपोर्टिंग इन्फर्मेशन' (सोबतची पूरक माहिती) खुली असते. किती ग्रॅम घेतले, किती तास ढवळले, एनएमआर या रेणूची रचना ओळखण्याच्या तपासणीत रेघा कुठे आल्या, हे पुष्कळदा तिथेच असते, आणि प्रयोग करणाऱ्याला हवे असते ते हेच. 'ऑरगॅनिक सिंथेसिस' हे नियतकालिक पूर्ण मोफत आहे आणि तिथली प्रत्येक कृती दुसऱ्या प्रयोगशाळेत करून पाहिल्यावरच छापतात. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीचे 'आरएससी ॲडव्हान्सेस' २०१७ पासून खुले आहे. 'शोधगंगा' या भारतीय प्रबंधांच्या मोफत ऑनलाइन संग्रहातल्या प्रबंधातले पूर्वसंशोधनाचे प्रकरण वाट दाखवायला उत्तम, पण तिथून मूळ लेखापर्यंत जायलाच हवे. तेही जमले नाही तर ज्या लेखकाच्या नावावर तारा आहे, त्याला दोन ओळींची नम्र ईमेल करावी. लेखक स्वतःची प्रत आनंदाने पाठवतात.

गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचा किंवा भामरागडच्या मुलाला विद्यापीठ ग्रंथालय गाठायला अख्खा दिवस मोडावा लागतो. जायचेच झाले तर आधी फोन करावा, प्राचार्यांचे पत्र, ओळखपत्र आणि पंधरा-वीस डीओआयची तयार यादी सोबत न्यावी. तिथे बसून शोध सुरू केला तर परतीची एसटी निघून जाते. त्यापेक्षा विद्यापीठांच्या ग्रंथालयांनीच सत्राच्या सुरुवातीला एकेक दिवस तालुक्याला यावे आणि मुलांच्या मोबाइलवर लॉगिन करून दाखवावे. महाविद्यालयांनी प्रकल्पाचे विषय नोंदवण्याच्या किमान पंधरा दिवस आधी एम.एस्सी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याचे खाते उघडून द्यावे. आणि अनुदानित महाविद्यालयांना राष्ट्रीय वर्गणीत घ्यावे, ही मागणी आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधींनी दिल्लीत लावून धरावी. शिक्षकांचा पगार शासन देते, मग तिथल्या मुलांना शासनाने विकत घेतलेले नियतकालिक वाचायला का मिळू नये?

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक
वणी, जि. यवतमाळ