ज्वारी आधी वावरातून गेली, मग ताटातून

मा. संपादक,
स. न.

विदर्भाच्या जेवणावर काही छापून आलं की ते सावजी मटणापासून सुरू होतं आणि तिखटापाशी संपतं. सावजी मलाही आवडतं. नागपूरच्या विणकर हलबा कोष्टी घरांतली ती अस्सल चव आहे. पण आम्हा वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या चुलीवर रोज जे शिजायचं, त्याची दखल कुणी घेत नाही, म्हणून हे पत्र.

बाहेर जेवायला जाणं आमच्याकडे हॉटेलांमुळे आलेलं नाही. चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा भरते आणि जानेवारीभर चालते. माणसं बायकापोरं, सोयरेधायरे घेऊन जातात, राहुट्या टाकतात, हंडीत मटण शिजवतात. आणि रोडगे! जाडसर कणीक घट्ट भिजवायची, थरावर थर देत गोळे वळायचे, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून ताटात कुस्करायचे. वर तूप, तुरीचं वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. हे काम बहुधा गडीमाणसंच करतात, आणि फार मन लावून करतात.

आता परतवाडा रस्त्यावरच्या ढाब्यांवर पनीर, तंदुरी रोटी आणि व्हेज कोल्हापुरी मिळतं. ज्वारीची भाकर मागितली की बहुतेक ठिकाणी नाही म्हणतात. ढाबेवाल्याला मी दोष देत नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी ताण नसते. कढत पाणी घालून ते मळावं लागतं, भाकर हातावर थापावी लागते आणि तव्यावरून उतरली की लगेच वाढावी लागते. एकदम दहा गिऱ्हाईकं आली तर थापणारे हात आणायचे कुठून?

पण खरं कारण ढाब्याच्या भटारखान्यात नाही, आमच्या वावरात आहे. ज्वारी होती तेव्हा तिच्यासोबत तूर, मूग, उडीद असायचा, धुऱ्याकडेच्या, म्हणजे बांधालगतच्या ओळींत अंबाडी असायची. अंबाडीच्या पाल्याची भाजी ज्वारीच्या कण्या घालून व्हायची, सालीचे दोर वळले जायचे. कडब्यावर गुरं जगायची, गुरांमुळे गोवऱ्या असायच्या आणि गोवऱ्यांवर रोडगे. मग सोयाबीन आलं. तीन-साडेतीन महिन्यांत पीक हातात आणि लगेच नगदी पैसा. ज्वारीला भाव नाही, वरून पाखरं आणि रानडुकरं. शेतकऱ्याने काय करावं? मीही सोयाबीनच पेरतो. पण सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, कडब्याची जागा घेत नाही. गोठे रिकामे झाले, गोवऱ्या विकत आणाव्या लागतात, आणि जवसाची चटणी करायची तर जवसही दुकानातूनच येतो.

२०२३ हे साल जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. ज्वारीच्या बिस्किटांच्या जाहिराती खूप पाहिल्या. ज्वारी पेरणाऱ्याला दर परवडला का, एवढं मात्र कुणी विचारलं नाही.

माझ्या दोन मागण्या आहेत. बहिरमच्या यात्रेत गावोगावच्या महिला बचत गटांना भाकर, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी विकायला मोक्याची जागा द्यावी. भाकरी थापणारे हात तिथे आहेत आणि खाणारी गर्दीही आहे. आणि आपल्या पुरवणीत वऱ्हाडी पदार्थाची कृती छापाल तेव्हा त्यात लागणारं धान्य आज कोण पिकवतं आणि त्याला काय भाव मिळतो, हेही त्याच चौकटीत छापावं.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. चांदूर बाजार, जि. अमरावती