ग्रंथालयातल्या काकांना, निवृत्तीआधी

काका,
सप्रेम नमस्कार.

या महिन्याच्या ३१ तारखेला तुम्ही निवृत्त होताय. शाल-श्रीफळाचा कार्यक्रम नको म्हणालात, म्हणून हे पत्र. उघडं लिहितेय, कारण तुम्ही काय केलंत ते चार लोकांना कळायला हवं.

तुम्ही माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनीच मोठे. पण सगळी मुलं काका म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. १९९९ साली एलएल.बी. झाले, सनद घेतली, तालुका कोर्टात चार वर्षं काळा कोट घातला आणि मग घरच्या व्यापात तो कपाटात गेला तो गेलाच. एलएल.एम.ला वयाची वरची अट नाही हे कळलं, तेव्हा एकोणपन्नाशीत सीईटी दिली. पहिल्या दिवशी दारावर मला सांगण्यात आलं, "पालकांनी बाहेर थांबावं." तिथून तशीच परत जाणार होते. गेले नाही आणि ग्रंथालयात शिरले. तुम्ही काही न विचारता फॉर्म पुढे केलात आणि म्हणालात, "फोटो दोन लागतील. पुस्तकं दोनच मिळतील, सात दिवसांसाठी."

पुढे एक पुस्तक नऊ दिवस उशिरा आणलं, तेव्हा तुम्ही रीतसर दंड घेतलात. ती पावती अजून माझ्या पाकिटात आहे. बाकी सगळे मला "मॅडम" म्हणून अंतरावर ठेवत होते. तुमच्या टेबलाशी मात्र मी विद्यार्थिनी होते.

दुसऱ्या वर्षी, १ जुलै २०२४ला नवे फौजदारी कायदे लागू झाले. पाठ असलेलं ३०२ आता १०३ झालं आणि ४२० गेलं ३१८मध्ये. मी गांगरले होते. तुम्ही ५११ कलमांची जुनी दंड संहिता आणि ३५८ कलमांची न्याय संहिता माझ्यापुढे शेजारी शेजारी उघडून ठेवलीत आणि म्हणालात, "ताई, आज सगळेच पहिलीत आहेत. सरसुद्धा." त्या दिवसापासून तुम्ही मला ताई म्हणू लागलात.

पण मला सांगायचंय ते त्या कोपऱ्यातल्या कपाटाबद्दल.

माझ्या प्रबंधाचा विषय होता मुलींचा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क आणि हक्कसोडपत्रं. तो पुस्तकातून आलेला नव्हता. वडील २००२ साली गेले. पुढच्या वर्षी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आम्ही दोघी बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. माझ्याकडे सनद होती, तरी मी तो कागद नीट वाचला नाही. भाऊ समोर उभा होता, आई रडत होती. याची बोच वीस वर्षं जात नव्हती.

एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क देणारा कायदा आंध्रने १९८६ साली केला, तमिळनाडूने १९८९ साली. महाराष्ट्राचा १९९४चा. त्याचा मूळ मजकूर मला राजपत्रातच बघायचा होता. तुम्ही किल्ल्यांचा जुडगा काढलात, स्टुलावर चढलात आणि सुतळीने बांधलेला गठ्ठा खाली उतरवलात. पानं पिवळी, कडा तुटलेल्या, अक्षर बारीक. माझे डोळे बारीक होताना पाहून ड्रॉवरमधलं भिंग काढून पानावर ठेवलंत.

भिंगाखाली तारीख दिसली : २२ जून १९९४. या तारखेच्या आधी लग्न झालेल्या मुलीला तो हक्क नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ८ मे १९९४ला झालं. माझं १९९६ला. एकाच आईच्या दोन मुली. दीड महिन्याच्या फरकाने एक आत, एक बाहेर. २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीत ही अट गेली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या विनीता शर्मा निकालाने हक्क जन्माचाच हे पक्कं केलं, पण आमच्या सह्या त्याआधीच होऊन गेल्या होत्या. मी भिंग हातात धरून तशीच बसून राहिले. तुम्ही काहीच विचारलं नाहीत. पंखा बंद केलात, पानं उडू नयेत म्हणून, आणि चहा आणून टेबलापासून लांब, खिडकीच्या कठड्यावर ठेवलात. प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्याच संध्याकाळी लिहिलं.

मार्गदर्शकांचे आभार प्रबंधात छापलेत. तुमचंही नाव तिथे घालणार होते, पण "माझं कामच आहे ते" म्हणून तुम्ही घालू दिलं नाहीत. गेल्या आठवड्यात ग्रंथालयाची प्रत जमा केली, तेव्हा तुम्ही लाल शाईने तिच्यावर दाखल क्रमांक घातलात. शाई वाळेपर्यंत मी तिथेच उभी होते.

थोरलीने प्रबंध वाचला. रात्री फोन केला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला तो कागद बघायचाय." मंगळवारी दुपारी तिला घेऊन येतेय. कपाटाची किल्ली तेवढी जवळ ठेवा.

आपली,
खिडकीजवळच्या टेबलावरची ताई