आइल ऑफ मॅनच्या जीवरक्षक नौका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील, ब्रिटन व आयर्लंड यांच्यामधील समुद्रात असलेल्या आइल ऑफ मॅन बेटावरचा लेख वाचला. मोटरसायकल शर्यतींविषयी त्यात सविस्तर लिहिले आहे. मात्र तेथील जीवरक्षक नौकांचा एका ओळीनेही उल्लेख नसल्याची चुटपुट लागून राहिली, म्हणून हे पत्र.

ब्रिटन व आयर्लंडच्या किनाऱ्यांवर बुडत्यांना वाचवणाऱ्या आरएनएलआय (रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन) या संस्थेचे मूळ याच बेटावर आहे. बेटावरील डग्लस येथे राहणारे सर विल्यम हिलरी यांनी किनाऱ्यालगत जहाजे फुटताना पाहिली, १८२३ मध्ये देशवासीयांना आवाहन करणारी पुस्तिका लिहिली आणि ४ मार्च १८२४ रोजी लंडनमध्ये संस्थेची स्थापना झाली. पुस्तिका लिहून ते घरी बसले नाहीत. १८३० मध्ये ‘सेंट जॉर्ज’ ही टपालाची आगबोट डग्लसच्या उपसागरातील कॉनिस्टर खडकावर अडकली, तेव्हा साठीला टेकलेले हिलरी स्वतः नौकेत चढले; लाटेने त्यांना समुद्रात फेकले, बरगड्या मोडल्या, पण आगबोटीवरील सर्वांचे प्राण वाचले. दोनच वर्षांनी त्यांच्या पुढाकाराने त्या खडकावर आसऱ्याचा बुरूज बांधला गेला. भरतीच्या वेळी खडक पाण्याखाली जातो, बुरूज मात्र आजही वर दिसतो.

आज डग्लस, रॅम्से, पील, पोर्ट एरिन आणि पोर्ट सेंट मेरी अशी जीवरक्षक नौकांची पाच ठाणी या बेटावर आहेत. त्यांचा खर्च मुख्यतः लोकांच्या देणग्यांतून भागतो आणि नौकेवर जाणारे बहुतेक जण बिनपगारी स्वयंसेवक असतात. पेजर वाजला की हातातले काम टाकून ते ठाण्याकडे धावतात. तेव्हा खरा प्रश्न अंतराचा असतो. देणग्यांतून नवी, वेगवान नौका घेता येते, परंतु काही मिनिटांत धक्क्यावर पोहोचू शकेल अशा अंतरावर राहणारी आणि कामावरून मधेच निघण्याची मुभा असलेली माणसे पैशाने आणता येत नाहीत. बंदराजवळची घरे तरुणांच्या आवाक्याबाहेर गेली किंवा रोजगारासाठी त्यांना गाव सोडावे लागले, तर सुसज्ज ठाणेही निकामी ठरेल, असे मला मनापासून वाटते. म्हणून भर दुपारी कामगाराला जाऊ देणारा मालकही मला या बचावकार्यातला भागीदार वाटतो.

किनाऱ्यावर राहून काम करणाऱ्यांचे नाव तर क्वचितच छापून येते. काही ठाण्यांवर नौका ट्रॅक्टरने पाण्यापर्यंत न्यावी लागते. ती परतली की रात्र कितीही झालेली असो, गोड्या पाण्याने तिच्यावरचे मीठ धुऊन काढायचे, इंधन भरायचे, ओले पोशाख वाळत घालायचे. हे सारे उरकल्याशिवाय कोणी घरी जात नाही, कारण पुढची हाक तासाभरातही येऊ शकते. आपल्या प्रतिनिधीने या बेटावर पुन्हा लिहिले, तर या माणसांची दखल अवश्य घ्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक