पऱ्हाटीतल्या सापळ्याला गप्प बसायला शिकवा

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : बोंडअळीच्या एआय सापळ्यांच्या निविदेतील अटी

महोदय,

कपाशीच्या वावरात बोंडअळीचे पतंग आपोआप मोजणारे एआय सापळे लावायचे तर आधी विजेचा हिशेब मागा. सतत चित्रण करणारा कॅमेरा आणि बोर्ड मिळून 5 वॅट धरले, तरी दिवसाला 120 वॅट-तास लागतात. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांच्या बॅटरीत असतात 84. पेरणीनंतर 45 दिवसांनी कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लागतात, म्हणजे ऐन श्रावणात. यवतमाळकडे तेव्हा झड लागली की सौर पॅनेल असून नसल्यासारखे.

माणसाचा मेंदू सुमारे 20 वॅटवर चालतो. त्यातल्या बहुतेक पेशी बहुतेक वेळ गप्प असतात, हे त्याचे एक कारण. त्याच धर्तीवर आयबीएमने 2014 साली ट्रूनॉर्थ चिप केली : 10 लाख कृत्रिम चेतापेशी, खर्च सुमारे 70 मिलीवॅट. सापळ्याला अशा दोन-चार कृत्रिम पेशी पुरतात.

नरसाळ्याच्या तोंडाशी अवरक्त किरण ठेवायचा. पतंग फडफडत शिरला की किरण भराभर तुटतो. प्रत्येक तुटीला पेशीतला भार चढतो, मधल्या वेळात झिरपतो. उंबरठा ओलांडला की एक ठोका, एक पतंग. पावसाचा थेंब किरण एकदाच तोडतो, तो भार झिरपून जातो. गोची इथेच होते. झिरप मंद ठेवली तर मुसळधार पाऊसच पतंग म्हणून मोजला जातो, जलद ठेवली तर सुस्त पतंग निसटतो. तोंडाशी घुटमळणारा दोनदा मोजला जाऊ नये म्हणून ठोक्यानंतर पेशीला क्षणभर विसावा लागतो. खऱ्या चेतापेशीलाही तो असतो. पंखांचे खवले काचेवर बसून किरण अंधुक होतो, म्हणून ल्युर (गंधाची गोळी) बदलताना काच पुसावी.

भलताच किडा शिरला का, हे पाहायला पहाटे एक फोटो पुरे. तो साध्या मायक्रोकंट्रोलरवर तपासता येतो. त्यासाठी ‘मेंदूसारखी’ चिप विकणाऱ्याला जादा पैसे देऊ नयेत. हे सगळे सरासरी 50 मिलीवॅटमध्ये बसवले, तर बॅटरीचा निम्मा भारही 35 दिवस पुरतो.

सलग 3 रात्री, दर रात्री सापळ्यामागे 8 पतंग ही फवारणीची पातळी. म्हणून आकडा रोज सकाळी साध्या एसएमएसने यावा, इंटरनेटची अट नको. आणि पैसे देण्याआधी पॅनेल झाकून 15 दिवस यंत्र भर पावसात चालवावे, सापळ्याच्या पिशवीतले पतंग रोज हाताने मोजून आकडा ताडावा. पावसाच्या रात्रींचा हिशेब वेगळा मागावा.

आपले,
सापळ्यांची यंत्रणा जाणणारे काही अभियंते